उरलंय ते कोण घेतंय?

चीजला साल असते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसतं. यात आपला काही दोष नाही. आपल्याला भेटलेलं चीज डब्यातून निघतं, नाहीतर चांदीच्या कागदातून. कागद सोलला की लगेच खाण्याजोगा भाग सुरू होतो, आणि कागद काही कोणी आमटीत घालत नाही. साल असावी ती आंब्याला, केळ्याला, फार तर दोडक्याला. दुधापासून झालेल्या पदार्थाला साल असावी हे श्रीखंडाला आठळी असावी तसं वाटतं.

इटलीत मात्र असते. तिथे पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना या मुलखात पार्मिजानो रेज्जानो नावाचं एक चीज करतात. इंग्रजांनी त्याचं 'पार्मेझान' केलं. (ज्यांनी ठाण्याचं 'थाना' आणि पुण्याचं 'पूना' केलं, त्यांच्याकडून याहून अधिक अपेक्षा करू नये.) या चीजची वडी नसते. जात्याची जाडजूड तळी असावी तसं ते गोल चाक असतं, आणि एकेका चाकाचं वजन असतं सुमारे ४० किलो. असं एक चाक करायला ५५० लिटरच्या आसपास दूध लागतं. ते आधी जवळजवळ तीन आठवडे मिठाच्या पाण्यात डुंबतं आणि मग फळीवर जाऊन बसतं ते कमीत कमी १२ महिने. पुष्कळ चाकं २४ महिने बसतात. आपल्याकडे लोणचं दोन वर्षं टिकलं तर शेजारणी बरणी बघायला येतात. तिथे बारा महिने झाले की परीक्षक येतो, हातात लहानशी हातोडी घेऊन चाकावर ठोकतो आणि कान देऊन ऐकतो. आपला कलिंगडवाला हेच करतो, फक्त त्याला कोणी परीक्षक म्हणत नाही.

या चाकांची तिकडे पत किती असावी? १९५३ पासून तिथली क्रेदितो एमिलियानो ही बँक चीज तारण ठेवून कर्ज देते. नुसतं कागदोपत्री नव्हे. चाकं बँकेच्या गोदामात येऊन राहतात, आणि बँकेची माणसं ती पुसतात, उलटीपालटी करतात. आपण बँकेत सोनं घेऊन गेलो तर ते दागिने कोणी असे मायेने पुसून ठेवत असेल असं वाटत नाही.

तर साल. ही साल म्हणजे वरून लावलेलं काही नसतं. चाकाचा बाहेरचा भाग मीठ आणि हवा लागून वाळत जातो, कडक होतो, ती साल. म्हणजे तेही चीजच, फक्त जगाचे टक्केटोणपे खाल्लेलं. (डच चीजवर लाल मेणाचा जो थर असतो तो वेगळा. तो खायचा नसतो. कोणी उत्साहाच्या भरात आमटीत टाकू नये, म्हणून सांगितलं.) पार्मिजानोच्या सालीवर बारीक ठिपक्याठिपक्यांनी त्याचं नाव कोरलेलं असतं. ते पाहिलं आणि मला एकदम आपली स्टीलची भांडी आठवली. पातेल्याच्या गळ्याशी असंच ठिपक्यांनी कोरलेलं असतं: कुणाकडून, कुणाच्या लग्नात, अमुक तारीख. चाळीस वर्षांनी लग्नातले फोटो पिवळे पडतात, दिलेला माणूस आठवत नाही, पातेलं मात्र साक्ष देत उभं असतं.

चीज किसून किसून संपत आलं की शेवटी ही साल हातात उरते. किसणी तिच्यापुढे हार खाते. दात तर खातातच. आता हिचं करायचं काय? तिथल्या बायका ती टाकत नाहीत. जपून ठेवतात आणि पावट्यासारख्या दाण्यांचं किंवा भाज्यांचं सूप चुलीवर चढवलं की त्यात सोडतात. तासभर, दोन तास मंद उकळू देतात. साल मऊ पडते आणि तिच्यातला सगळा अर्क सूपात उतरतो. याचं शास्त्रही आहे. चीज मुरताना त्यातल्या प्रथिनांचे तुकडे पडून ग्लुटामेट सुटं होतं, आणि जिभेला 'आहा' म्हणायला लावण्याचं काम ते करतं. किकुनाए इकेदा नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने १९०८ साली समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून हे ग्लुटामेट शोधून काढलं आणि त्या चवीला 'उमामी' असं नाव दिलं. इटलीतल्या आज्जीबाईंना ना इकेदा ठाऊक होता ना उमामी. त्यांना एवढंच ठाऊक होतं की साल टाकली तर सूप पांचट होतं.

ही सगळी माहिती आमच्या घरात आली ती भाचीमुळे. ती बोलोन्याला शिकायला होती आणि एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी खोली घेऊन राहत होती. त्या बाईंच्या फ्रीझरमध्ये सालींचा एक पत्र्याचा डबा असे. सूप झालं की त्यातली मऊ पडलेली साल कोणी खायची यावरून बाईंच्या दोन नातवांत मारामारी व्हायची. इतकी, की शेवटी बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक सोडून एक खुणा केल्या. एका सूपाची साल थोरल्याला, पुढच्या सूपाची धाकट्याला. सूपाशिवायची साल बाई गॅसच्या आचेवर भाजून द्यायच्या. ती पापडासारखी फुगते म्हणे.

भाची सुटीत आली तेव्हा चीजचा एक तुकडा सालीसकट घेऊन आली. माझी बहीण, म्हणजे आमची आक्का, कडक शाकाहारी. तिने तुकडा उलटापालटा करून पाहिला, वास घेतला आणि विचारलं, "यात अंडं नाही ना?"

अंडं नव्हतं. वासरू होतं. म्हणजे असं की, हे चीज करण्याचा नियमच आहे, दूध फाडायला लागणारं विरजण वासराच्या जठरातलंच वापरायचं. भाचीने हे शक्य तितक्या सौम्य शब्दांत सांगितलं, पण वासराचं जठर सौम्य शब्दांत सांगायची सोय मराठीत नाही. आक्काने तुकडा सांडशीत धरून पोरीच्या हाती दिला. अशा रीतीने साल काही आमच्या आमटीत पडली नाही. पण त्या दिवशी जेवताना जो वाद पेटला तो सालीनेच पेटवला, आणि तो माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

वाद असा: उरलंसुरलं वापरणं हा सद्गुण की चिक्कूपणा?

आक्काचं म्हणणं, यात कौतुक कसलं? आपण काय करतो मग? आणि तिने बसल्या बैठकीला यादी म्हणून दाखवली. पुरणाची डाळ शिजवून उरलेल्या पाण्याची कटाची आमटी. दोडक्याच्या शिरांची चटणी. कोथिंबिरीच्या काड्या आमटीत. आणि आंब्याच्या कोयी. रस काढून झाला की कोयी आणि साली पाण्यात कोळायच्या, त्या पाण्याला तूपजिऱ्याची फोडणी द्यायची, की झाला फजिता. (ज्याने हे नाव ठेवलं त्याची कधी तरी पाहुण्यांसमोर रस संपून झाली असावी.) यातली कटाची आमटी तर एवढी वर चढली की पुरण नसलं तरी आमटी हवी म्हणून मुद्दाम जास्तीची डाळ शिजवणारी घरं मला माहीत आहेत. म्हणजे मूळ पदार्थ उरल्यामुळे झालेला पदार्थ आता मूळ पदार्थाला उरायला लावतो.

आणि बेरी! लोणी कढवून तूप गाळलं की भांड्याच्या तळाशी जी तपकिरी, खरपूस साय राहते ती. वर चमचाभर साखर. ज्याला बेरी ठाऊक नाही त्याचं बालपण कागदोपत्रीच झालं असं मी समजतो. आम्ही चार भावंडं; ते भांडं कोणाच्या मांडीवर जाणार यावरून जे रणकंदन होई त्यापुढे बोलोन्याचे दोन नातू म्हणजे किरकोळ. आमच्याकडे कॅलेंडर वाचण्याइतका धीर कोणाला नव्हता.

इथवर आक्काच्या बाजूने मत द्यायला हरकत नव्हती. पण आमचे मेहुणे, म्हणजे आक्काचे यजमान, यांनी एक बारीक खडा टाकला. म्हणाले, "साल वाचवायला आधी चीज परवडायला लागतं. ज्याला चीजच परवडत नाही त्याच्यापुढे सालीच्या काटकसरीचे गोडवे गाऊ नयेत." यात तथ्य आहे. अमेरिकेत तर काही दुकानांतून या साली वेगळ्या बांधून विकायला ठेवतात. म्हणजे फुकटच्या वस्तूची चव पैसेवाल्याला कळली की तिला भाव येतो. भाजीवाल्याकडे कोथिंबीर फुकट मिळायची ते दिवस आठवावेत. तरी मला वाटतं, खरा प्रश्न भाववाढीचा नाही.

खरा प्रश्न आपल्या घराघरांत जेवणाच्या शेवटी रोज विचारला जातो. हातात पातेलं धरून, डाव तळाशी टेकवून आई विचारते, "एवढं उरलंय, कोण घेतंय?"

पातेल्यात आमरस असला तर एका क्षणात चार वाट्या पुढे होतात. पातेल्यात सकाळची दुधीची भाजी असली तर सगळ्यांना एकदम हात धुवायची आठवण होते. वडील ढेकर देतात. थोरल्याला बाहेर कोणी तरी हाक मारलेली ऐकू येते. मग आई म्हणते, "असू दे, मी घेते."

आता इथे थोडा हिशेब करावासा वाटतो. माझ्या आईला शिळी पोळी आवडायची. काकूलाही आवडायची. मामीला तर ताजी पोळी सोसायचीच नाही. शेजारच्या घरातल्या आज्जींना भाताची खरवड पसंत होती. सगळ्या आळीतल्या आयांना शिळं, करपलेलं आणि तळाचं आवडत होतं. वडिलांना साय आवडत होती, मुलांना तव्यावरची फुगलेली पोळी आवडत होती. आवडींची इतकी सोयीस्कर वाटणी निसर्गात सहसा आढळत नाही. आणि आम्ही इतके आज्ञाधारक, की तिच्या या आवडीवर आमचा पूर्ण विश्वास होता. तिला कधी गरम पोळी वाढून पाहावी, निदान प्रयोग म्हणून तरी, असं कोणाच्या मनात आलं नाही. ती सगळ्यांना वाढून शेवटी बसायची आणि तिच्या वेळेपर्यंत तवा गार झालेला असायचा.

म्हणून मला बोलोन्याच्या त्या सालीत आणि आईच्या शिळ्या पोळीत फरक वाटतो. दोन्ही उरलेलीच. दोन्ही वाचवलेली. पण साल सूपात जाते. तिची चव टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाच्या चमच्यात येते, आणि ती स्वतः ज्यांच्या वाट्याला येते ते घरातले सगळ्यांत लाडके असतात. शिळी पोळी मात्र एकाच्याच ताटात जाते, आणि तो एक कोण हे न विचारता ठरलेलं असतं. काटकसर घरदार करतं, खाते एकटी आई. त्यातूनच तिला 'काटकसरी गृहिणी' अशी पदवी मिळते. भांड्यावर कोरून देण्याइतकी.

हे घरापुरतंच असतं तर हसून सोडून देता आलं असतं. पण आपल्याकडे 'उरलेलं कोणी खायचं' या एका प्रश्नावर गावंच्या गावं उभी होती. गावाने खाऊन उरलेलं गावाबाहेरच्यांनी न्यायचं, आणि वर तो त्यांचा हक्क आहे असं गावाने सांगायचं. मार्च १९२७ मध्ये महाडला परिषद भरली. चवदार तळ्याचं पाणी सगळ्यांना आठवतं. पण त्याच परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचं मांस आणि दुसऱ्यांनी टाकलेले शिळे तुकडे सोडायला सांगितलं, हे आपण जरा कमी आठवतो. पोटाला चिमटा बसेल हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. भूक असताना तुकडा नाकारा म्हणणं सोपं नव्हे. पण तुकड्याबरोबर त्या माणसाची जागाही ताटात येऊन पडते, हे त्यांनी पाहिलं होतं.

आपण सुधारलेली माणसं. आपल्याकडे आता फ्रिज आहे. पूर्वी शिळ्याचा निर्णय त्याच रात्री घ्यावा लागे. उन्हाळ्यात आमटीला सकाळपर्यंत धीर नसे. आता आपण वाटीवर झाकण ठेवून सद्सद्विवेकबुद्धीला गुरुवारपर्यंत मुदत देतो. गुरुवारी वाटी मागच्या रांगेत जाते. शनिवारी घरातलं कोणी तरी वास घेऊन नाक मुरडतं, आणि मग आपली खास मध्यमवर्गीय तोड निघते: "टाकण्यापेक्षा बाईंना देऊन टाकू."

'देऊन टाकू'. या क्रियापदाकडे जरा लक्ष द्या. दिलंही आणि टाकलंही. अन्न टाकणं पाप, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. तेव्हा ते पाप आपण करीत नाही. ते आपण एका कॅरी बॅगमध्ये बांधून, गाठ मारून दुसऱ्याच्या हातात देतो. त्यांनी खाल्लं तर आपलं पुण्य. त्यांनी नाक्यावरच्या कुंडीत टाकलं तर त्यांचं पाप. एवढा चोख हिशेब बँकेलासुद्धा जमत नाही.

मेहुण्यांना हे पटलं नाही. ते म्हणाले, "म्हणजे चांगलं अन्न कुजू द्यायचं? तुझ्या तत्त्वापायी?" हा प्रश्न खोटा नाही. भुकेलेल्याला ताजं-शिळं यावर व्याख्यान देणारा माणूस पोटभर जेवून आलेला असतो, हे मला मान्य आहे. माझं म्हणणं एवढंच, की द्यायचं तर आपण खाणार होतो त्यातलं द्यावं आणि उरलेलं आपण सगळ्यांनी मिळून संपवावं. मेहुणे म्हणाले, हे बोलायला ठीक आहे. बोलायलाच ठीक आहे असं मलाही वाटलं असतं, जर डोंबिवलीला माझ्या थोरल्या भावाच्या घरी ती गोष्ट घडली नसती.

वहिनी तशी प्रेमळ. पण हात सढळ. कणीक भिजवायची तर पंगत असल्यासारखी. त्यामुळे रोज चार-पाच पोळ्या उरत. सकाळी त्या धुणंभांडी करणाऱ्या बाईंना जात. वर तूप लावून, लोणच्याची फोड ठेवून. दोन वर्षं हे चाललं. एके दिवशी बाईंनी पुडी घेतली नाही. भांडी पालथी घातली, पदराला हात पुसले आणि शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, राग मानू नका. शिळं मी रोजच खाते की. पण ते माझ्या घरचं असतंय. तुमचं तुमी खावा."

वहिनीला हे फार लागलं. दोन दिवस ती घरात येईल त्याला विचारत होती, "मी काय वाईट दिलं? तूप लावलं होतं!" दादा नेहमीप्रमाणे वर्तमानपत्राच्या आड तटस्थ राहिला. वर्तमानपत्राचा हा उपयोग संपादकांना ठाऊक नसावा. तिसऱ्या दिवशी वहिनीने बाजारातून एक माप आणलं आणि कणीक मोजून भिजवायला सुरुवात केली. माणशी किती, रात्री कोण जेवायला नाही, सगळं विचारून. आठवड्यात घरात एकही पोळी उरेना.

आणि मग दादाच्या लक्षात आलं, की शिळी पोळी नाही म्हणजे फोडणीची पोळीही नाही. कांदा, मिरची, भरपूर मोहरी घालून परतलेला तो कुस्करा म्हणजे त्याचा जीव. आजवर बाईंना देऊन उरलेल्यातून तो त्याला अधूनमधून मिळे. आता तेही बंद. महिनाभर त्याने कळ काढली आणि मग वर्तमानपत्र खाली ठेवून मागणी केली, की दर शनिवारी रात्री सहा पोळ्या मुद्दाम जास्त कराव्यात.

तेव्हापासून त्यांच्या घरी दर रविवारी सकाळी मोठी कढई चढते. एकाच कढईतून पाच बश्या भरतात: दादाची, वहिनीची, दोन मुलांची आणि बाईंची. पहिल्या रविवारी वहिनी जरा धाकधुकीनेच बशी पुढे करीत होती. बाईंनी स्टूल ओढलं, दोन घास खाल्ले, विचार केला आणि म्हणाल्या, "आमच्याकडं ह्यात शेंगदाण्याचं कूट घालत्यात."